बेसचा सातबारा

आपल्या हॉस्टेलवर ‘बेस’ हा शब्द काढला की सिव्हिलवाल्यांना फाउंडेशन आठवतं, केमिकलवाल्यांना ॲसिडचा विरोधी पक्ष आठवतो, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ट्रान्झिस्टरचा मधला पाय, आणि उरलेल्या समस्त जनतेला विसर्जन मिरवणुकीतली ती छातीत घुसणारी धडधड. बेस गिटार कुणालाच आठवत नाही. गॅदरिंगला स्टेजवर चार-पाच जण असतात, त्यातला एक ‘दोन तारा कमी असलेली गिटार’ घेऊन ड्रमच्या बाजूला उभा असतो. तो काय करतोय ते कळत नाही, आणि तो थांबला की गाणं एकदम पोकळ का वाटायला लागलं तेही कळत नाही. गेली दोन वर्षं तो ड्रमच्या बाजूचा इसम म्हणजे अस्मादिक.

यंदा फायनल इयर. म्हणजे बेस विकणे आले. हॉस्टेलचा नियमच आहे तो, बादली, कूलर, ड्रॉइंग बोर्ड आणि बेस हे पुढच्या बॅचला विकूनच जायचं. बादलीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बेसबद्दल मात्र बरंच आहे, कारण या एका बेसचे आजवर सहा मालक झालेत आणि त्याच्या बॅगच्या पुढच्या खिशात एक चौपदरी घडीचा फुलस्केप आहे. त्यावर प्रत्येक मालकाने कितीला घेतला, काय दुरुस्त केलं, कितीला विकला हे लिहिलंय. वर कुणीतरी लाल पेनाने मथळा दिलाय, ‘सातबारा’. खाली फेरफारसुद्धा आहेत!

पहिली नोंद २०११ ची. वसईच्या एका लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्याकडून, रु. ८,०००. तेव्हाच्या त्या सीनिअरने तो लोकलने चर्चगेटला, तिथून गेटवेला आणि लाँचने मांडव्याला आणला. (नोंदीत लिहिलंय, ‘लाँचमध्ये एका काकूंनी विचारलं, सतार काय?’) हेडस्टॉकवरचं कंपनीचं नाव घासून घासून गेलंय, त्यामुळे हा कुठल्या घराण्याचा ते आज कुणालाच सांगता येत नाही. नमुना मात्र प्रिसिजनचा आहे. आता प्रिसिजन म्हणजे काय ते सांगावं लागणार, म्हणून थोडा इतिहास.

लिओ फेंडर हा माणूस आपल्या पंथातला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गंमत म्हणजे स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तोपर्यंत बेस म्हणजे माणसाएवढा उंच डबल बास. तो गाडीत मावत नाही, ड्रमपुढे ऐकू येत नाही, आणि त्याला फ्रेट नसल्यामुळे सूर कुठे लागेल तो वाजवणाऱ्याच्या कानावर. फेंडरने १९५१ मध्ये गिटारसारखा आडवा धरायचा, फ्रेट असलेला, पिकअपवर चालणारा बेस बाजारात आणला. फ्रेटवर बोट ठेवलं की सूर ‘प्रिसाइज’ लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. तसं त्याच्या आधी १९३० च्या दशकात सिएटलच्या पॉल टुटमार्कने असा प्रकार करून पाहिला होता, पण तो चालला नाही. फेंडरचा चालला आणि १९६० मध्ये त्याचा धाकटा भाऊ जॅझ बेस आला. आजही कुठल्याही कंपनीचा बेस उचला, तो बहुतेक या दोघांपैकी एकाचा नाही तर दोघांचा मिळून नातेवाईक निघतो.

आपल्याकडे हा बेस आपण लहानपणापासून ऐकलेलाच आहे, फक्त ओळख नाही. आर. डी. बर्मनच्या गाण्यांमध्ये टोनी वाझ बेस वाजवायचे. रहमानच्या कितीतरी गाण्यांत कीथ पीटर्स. आणि मुंबईची मोहिनी डे, जन्म १९९६, ती तर आता जगभर वाजवते. लेडीज हॉस्टेलने नोंद घ्यावी.

आता मुद्द्यावर. पहिल्यांदा बेस घ्यायला निघालेला माणूस हमखास तीन प्रश्न विचारतो. कंपनी कुठली? चार तारांचा की पाच? ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? हे तिन्ही प्रश्न मला तरी नंतरचे वाटतात, पण विचारलेत तर उत्तरं देऊन टाकतो.

प्रिसिजनमध्ये एकच पिकअप, तोही मधून कापून दोन तुकडे केलेला. ही कापाकापी १९५७ ची. दोन्ही तुकड्यांची वाइंडिंग आणि चुंबकाचे ध्रुव एकमेकांच्या उलट. तारेचा सिग्नल बेरजेत येतो आणि बाहेरून आलेली ५० हर्ट्झची घरघर वजाबाकीत जाते. सेकंड इयरला फॅरडे शिकताना झोपला असाल तर इथे जागे व्हा. जॅझमध्ये दोन सिंगल कॉइल. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की घरघर नाही, एकच ठेवला की सुरू. आपल्या हॉस्टेलच्या वायरिंगमध्ये, जिथे तीन पिनच्या सॉकेटमधली तिसरी पिन ही केवळ शोभेची आहे, तिथे हा फरक फार मोठा होतो. जॅझची नेक मात्र नटपाशी ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची त्याहून रुंद. हात लहान असेल तर जॅझ सोपा जातो. आवाजाचं म्हणाल तर जॅझ बोलतो आणि प्रिसिजन ढकलतो. यापेक्षा शास्त्रशुद्ध वर्णन मला जमत नाही. हल्ली सुरुवातीच्या किमतीत यामाहा टीआरबीएक्स १७४ किंवा कोर्ट ॲक्शनसारखे जे बेस मिळतात त्यांत एक पिकअप याचा आणि एक त्याचा असतो. भेळ आहे, पण चांगली भेळ आहे.

ॲक्टिव्ह म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी आणि प्रीॲम्प. आयबनेझच्या जीएसआर २०० मध्ये बेस वाढवायचं एक बटण असतं ते याच्यावरच चालतं. फायदा खरा आहे. पण जॅक खुपसलेला राहिला की बॅटरी रात्रभर चालू, आणि गॅदरिंगच्या दिवशी दुसऱ्या गाण्याला तो मौनव्रत घेतो. पॅसिव्हमध्ये एक २५० किलोओहमचा पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, संपलं. साधा लो-पास फिल्टर. लॅमिंग्टन रोडला हे सगळं किरकोळीत मिळतं आणि तुमच्या विंगमधला कुणीही इलेक्ट्रॉनिक्सवाला एका चहावर सोल्डर करून देतो. पाचवी तार? खालचा बी म्हणजे ३१ हर्ट्झ. आपल्याकडे तो वाजवून दाखवेल असा स्पीकरच नाही, मग त्या तारेवर फक्त अंगठा टेकवता येतो. महागडं स्टूल!

तर खरा प्रश्न. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर बेस घ्यायचा म्हणजे नेक घ्यायची. बाकी सगळं बदलता येतं.

का ते बघा. बेसची तार ३४ इंच लांब, साध्या इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीस. सूर खाली न्यायचा तर लांबी वाढवा, जाडी वाढवा किंवा ताण कमी करा. फिजिक्सच्या पहिल्या सेमचा फॉर्म्युला. ताण फार कमी केला तर तार दोरीसारखी लोंबते, म्हणून लांबी आणि जाडी वाढवतात. तरीही चार तारांचा मिळून ताण भरतो सुमारे ७५ किलो. म्हणजे आपल्या मेसच्या आचाऱ्याला त्या लाकडी पट्टीवर दिवसरात्र टांगून ठेवल्यासारखं. त्याला विरोध करायला नेकच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. सिव्हिलवाल्यांनी याला सरळ प्रीस्ट्रेसिंग म्हणावं, मला चालेल. त्यात आपली हवा. ज्या हॉस्टेलमध्ये खिडकीची कडी दोन पावसाळ्यांत गंजून जाम होते आणि पापड तळल्याबरोबर सादळतो, तिथे लाकडाने सरळ राहावं अशी अपेक्षा म्हणजे जरा जास्तच. पावसाळ्यात नेक एकीकडे जाते, डिसेंबरात दुसरीकडे.

बघायची कशी? हेडस्टॉकच्या बाजूने एक डोळा मिटून नेकच्या कडेने नजर टाकायची, सुतार फळी बघतो तशी. दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. मग तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि जिथे नेक बॉडीला मिळते तिथे दाबा. ताणलेल्या तारेइतकी सरळ फूटपट्टी जगात नाही. मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट पाव आटा आवळायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरीही फट तशीच असेल, तर विकणाऱ्याला नमस्कार करून चहा पिऊन निघा. आणि बाक वेगळा, पीळ वेगळा. बाक रॉडने निघतो. पीळ, म्हणजे नेक टॉवेल पिळल्यासारखी फिरलेली, तो रॉडने निघत नाही.

यानंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळतात का बघा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे घ्यायचं. सॅडलचे स्क्रू गंजून बसलेत का, हे आपल्याकडे खास बघण्यासारखं, कारण खाऱ्या वाऱ्याने सगळ्यात आधी तेच जातात. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर चटकन मरतो, त्याला घाबरू नका, हा रोग भल्या भल्या बेसना असतो. शेवटी ॲम्प लावून हात तारांवर ठेवा. घरघर कमी झाली तर अर्थिंग जोडलेलं आहे. वाढली तर हात काढा!

तारांचं वेगळंच प्रकरण. बेसच्या तारांचा सेट गिटारच्या सेटच्या कितीतरी पट महाग. आपल्याकडे तो सहा महिन्यांत काळा पडतो. यावर उपाय म्हणजे तारा काढून उकळत्या पाण्यात घालणे. वाइंडिंगमध्ये बसलेला मळ निघतो आणि आवाज काही आठवडे पुन्हा उजळतो. हॉस्टेलच्या किटलीत हे करू नये. रेक्टर सरांनी किटली जप्त केली तेव्हा त्यात ई आणि ए होती. (सर, हे वाचत असाल तर किटली आमच्या विंगची नाही, मेसची आहे.) स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणं जास्त सभ्य. आणि काहीच जमलं नाही तर जेम्स जेमर्सनला आठवा. मोटाउनच्या शेकडो रेकॉर्डवर वाजवलेला हा माणूस तारा तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात. त्याच्याकडे गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि १९६२ चा प्रिसिजन. त्याचा मळलेला आवाज आजही लोक पैसे मोजून विकत घेतात.

आता कुणी म्हणेल, एवढ्या भानगडीपेक्षा नवाच घ्यावा. घ्या की! ऐपत असेल तर मुंबईला जा, धोबी तलावाला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं. तिथे चार बेस शेजारी शेजारी लावून वाजवता येतात, आणि तुलना अशीच होते, यूट्यूबवर नाही. मोबाइलच्या स्पीकरमधून ई तारेचा ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. वरच्या हार्मोनिक्सवरून आपला मेंदू तो सूर मनानेच भरून काढतो. म्हणजे व्हिडिओ बघून आपण जी तुलना करतो ती अर्धी आपल्या डोक्यातली. घरी येऊन ॲम्पला लावल्यावर दोन बेसमधला फरक वेगळाच निघतो.

ॲम्पचं तर विचारूच नका. सगळे जण बेसवर पैसे घालवतात आणि ॲम्पसाठी हजारभर उरवतात. गिटारच्या छोट्या ॲम्पला बेस लावला की स्पीकरचा कोन फडफडतो, आणि एके दिवशी कायमचा गप्प होतो. खोलीत सरावाला १५ वॉट ठीक. पण आवाज दुप्पट ‘वाटायला’ पॉवर दसपट लागते, त्यात आपला कान खालच्या सुरांना बहिरट. त्यामुळे जिथे गिटारवाला ३० वॉटमध्ये मैदान गाजवतो तिथे बेसवाल्याला ३०० लागतात. शिवाय ४१ हर्ट्झची तरंगलांबी सव्वाआठ मीटर आणि आपली खोली बारा फूट. कोपऱ्यात बसलात तर भिंती घुमतात, पलंगावर बसलात तर बेस गायब. म्हणून आमच्या विंगमध्ये माझा सराव मला कमी आणि खालच्या मजल्याला जास्त ऐकू यायचा. त्यांच्या सहनशक्तीला सलाम.

आता सातबाऱ्याकडे परत. २०१४ ला दुसऱ्या मालकाने ७,००० ला घेतला, दोन्ही पॉट बदलले. २०१७, तिसरा, पुन्हा ७,०००. एक खुंटी नवी. २०१९, चौथा, ६,५००. इथपर्यंत कारभार सरळ आहे. मग २०२० चा मार्च आला, सगळ्यांना दोन दिवसांत हॉस्टेल खाली करायला लागलं आणि बेस कपाटात राहिला. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आपल्या भागात कुणाच्या वाडीतल्या किती सुपाऱ्या, किती माड आडवे झाले ते इथल्या मुलांना सांगायला नको. हॉस्टेलचे पत्रे गेले. चौथ्या मालकाने परत आल्यावर केलेली नोंद दोनच शब्दांची आहे, ‘निसर्ग. पाणी.’ नेकला बाक आला होता आणि पीळही. २०२२ ला त्याने पाचव्याला सगळं दाखवून ४,००० ला दिला.

हा पाचवा मालक म्हणजे या बेसचा खरा वारस. मुंबईत दुरुस्तीला विचारलं तर बेसच्या किमतीएवढा खर्च सांगितला. मग त्याला कुणीतरी पेणच्या बाजूच्या एका बेंजोवाल्या काकांचा पत्ता दिला. आता बेंजो म्हणजे काय ते आपल्या मुलांना माहीत आहे, पण विदर्भातून आलेल्या मित्रांसाठी सांगतो. आपला बेंजो हा इंग्रजी सिनेमातला गोल ढोलकीसारखा बँजो नव्हे. हा बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, मूळ जपानी ताइशोगोतोचा भाऊबंद. १९१२ च्या सुमारास तिकडे निघाला आणि फिरत फिरत आपल्या हळदीत आणि गणपतीत येऊन बसला. त्याला पिकअप लावायचा, हातगाडीवर ॲम्प, भोंगे आणि जनरेटर चढवायचा आणि निघायचं. रवी जाधवांचा २०१६ चा सिनेमा आला तेव्हा बाकीच्या देशाला हे कळलं. आपल्याला कळायला सिनेमा लागला नाही.

तर हे काका केसासारख्या तांब्याच्या तारेने स्वतःच्या हाताने पिकअप गुंडाळतात. त्यांनी बेस बघितला, नेकवर नजर टाकली आणि म्हणाले, “ठेवून जा, पंधरा दिस लागतील.” दोन सरळ सागवानी पट्ट्यांच्या मधे नेक बांधून, शेक देऊन, शिकंजे रोज थोडे थोडे आवळत त्यांनी बाक काढला. पीळ बराचसा गेला, सगळा नाही. वर बॉडीच्या आतली वायर तपासून अर्थिंग नव्याने जोडून दिलं. काय घेतलं त्याची नोंद आहे, रु. ६०० आणि ‘काकांनी चहा पाजला’. २०२४ ला मी घेतला तो ५,००० ला. म्हणजे सातबाऱ्यात भाव वर गेल्याची ही एकमेव नोंद. काकांकडे मीही दोनदा जाऊन आलो. गिटारबद्दल मुंबईच्या कुठल्याही दुकानात जेवढं ऐकायला मिळेल त्याहून जास्त मला त्यांच्या पडवीत कळलं. ते स्वतः बेसला ‘मोठ्या तारांचा’ म्हणतात. फ्रेटबोर्डवर नख मारून त्यांनीच सांगितलं की हा शिसव आहे, आपल्याच देशातला, तिकडे जाऊन परत आलेला. २०१७ मध्ये शिसवाच्या निर्यातीवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा बड्या बड्या गिटार कंपन्यांची पळापळ झाली होती, २०१९ ला तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “लाकूड बरा हाय.”

फेब्रुवारीत आम्ही अलिबागला एका कार्यक्रमात वाजवलं. उतरल्यावर एक गृहस्थ भेटायला आले. मुंबईचे, इकडे बंगला, शनिवार-रविवारचे. फार सज्जन माणूस, आम्हाला स्टँडपर्यंत गाडीने सोडलं. त्यांना बेस आवडला होता. बंगल्यावर मित्र येतात, एक वाद्य कायमचं तिथे असावं म्हणून हवा होता. बारा हजार देतो म्हणाले.

मी म्हटलं, “सर, नेकला थोडा पीळ आहे. ट्रस रॉडही संपत आलाय.”

“असू दे रे,” ते हसले. “वाजवायचा कुणाला आहे? त्याची झीज बघ कसली सुंदर आहे. तू फक्त तो गंज साफ करू नकोस.”

बारा हजार! सातबाऱ्यात हा आकडा कुठेच नाही. मी जुलैत पुण्याला चाललोय, नोकरीला. कॉट बेसिसवर राहायचं (बघा, इथेही बेस आहे), डिपॉझिट, पहिला पगार हातात येईपर्यंतचा महिना. घरून मागायचे नाहीत असं ठरवलंय. रात्री वहीत मांडून बघितलं. ज्युनिअरला विकला तर पाच-साडेपाच. फरक साडेसहा हजारांचा. म्हणजे महिन्याचं भाडं.

दुसऱ्या बाजूला काय? बंगल्यावर बेस गेला की आपल्या हॉस्टेलवर बेस नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या गॅदरिंगला कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवेल, आणि चांगला वाजवेल, ऑर्केस्ट्रात कित्येक ठिकाणी तसंच चालतं. कुणाचं काही अडणार नाही. नवा बेस घ्यायला वीस हजार घालणारा सेकंड इयरचा मुलगा मी तरी अजून बघितलेला नाही. हे वाद्य इथे पोचलं ते स्वस्त होतं म्हणून, आणि टिकलं ते प्रत्येकाने जवळजवळ घेतल्या भावातच पुढे दिलं म्हणून. सहापैकी कुणीही त्यावर कमावलेलं नाही. दोन वर्षं वाजवायचा, हजार-पाचशे झीज धरायची आणि सोडायचा. हे भाडं म्हणा हवं तर. आमच्या गावी रस्त्याकडेच्या तीन वाड्यांना आता फाटक आणि वॉचमन आहे. विकणाऱ्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, पोरांची शिक्षणं त्यातूनच झाली, त्यातलं एक पोर माझ्याच वर्गात आहे. पण विसर्जनाला जायची समुद्राकडची पायवाट त्यातल्याच एका वाडीतून होती.

मार्चमध्ये मुरुडचा एक सेकंड इयरचा मुलगा आला. गेले वर्षभर हा माझ्या खोलीच्या दारात बसून ऐकायचा, कधी कधी वाजवायचाही, आणि ताल माझ्यापेक्षा पक्का.

“दादा, बेस देतोस काय?”

“आधी बघ तरी.”

“त्यात काय बघायचं? रोज तर बघतो.”

मी त्याला बसवला. एक डोळा मिटायला लावला. पहिला फ्रेट, शेवटचा फ्रेट, मधे त्याच्याच मेसच्या कार्डाचा कोपरा. पीळ कुठे आहे तो त्याच्या बोटाला लागेपर्यंत दाखवला. तो गप्प झाला. मग म्हणाला, “मग हा किती वर्षं चालंल?”

“ट्रस रॉडचा पाऊण आटा शिल्लक आहे. पावसाळ्यात तारा सैल करून ठेवलास, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यास, तर तुझी दोन वर्षं नक्की. पुढचं काका बघतील.”

“किती देऊ?”

“माझे पाच गेले. वर साडेतीनशेची तार घातली.”

“माझ्याकडे तीन आहेत.” थोडा थांबून म्हणाला, “बाकीचे नारळी पुनवेनंतर. बोट गेल्याशिवाय घरातून नाय निघणार.”

मी बंगल्याच्या सरांना फोन केला. ते जरा हिरमुसले, मग नवा कुठला घेऊ म्हणून त्यांनीच विचारलं. मी प्रिसिजन आणि जॅझ दोन्ही पिकअपवाला सांगितला, आणि बंगला समुद्राला लागून असेल तर भिंतीवर टांगू नका, बॅगेत ठेवा, हेही. त्यांनी पंधरवड्याने नव्याचा फोटो पाठवला. भिंतीवर टांगलेला.

पुण्याच्या डिपॉझिटचं अजून जमलेलं नाही. रूम पार्टनर दोन हप्त्यांत द्यायला तयार आहे, घरमालक नाही. बघू.

फुलस्केपवर आता खाली फार जागा उरलेली नाही, म्हणून पाठच्या बाजूला नोंद केली. सातवा मालक, सेकंड इयर, मेकॅनिकल, रु. ५,०००, पैकी ३,००० मिळाले, २,००० नारळी पौर्णिमेनंतर. नेकला पीळ, दाखवला आहे. रॉड पाऊण आटा. ई आणि ए एकदा उकळलेल्या. ॲम्प या व्यवहारात धरलेला नाही, तो आठव्या खोलीत आहे. त्याला ८ ओहमचे दोन बॉक्स पॅरलल लावले की ४ होतात आणि तेवढेच त्याला झेपतात, तिसरा बॉक्स लावायला जाऊ नये. फ्यूज मागच्या खिशात.